देश कमी, रात्री जास्त

नमस्कार श्रोतेहो. नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री उमटणारा रंगीत प्रकाश, पाहायला निघणाऱ्या कोल्हापूरकरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: 'आठ दिवसांत चार देश' असली सहल घेऊ नका. एकच गाव निवडा आणि तिथं चार-पाच रात्री मुक्काम ठोका.

नोव्हेंबरात अंबाबाईचा किरणोत्सव असतो, तेव्हा मावळतीला ढग आले की किरणं मूर्तीपर्यंत पोहोचत नाहीत आणि आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. तिकडंही तसंच. सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांभोवतीच्या हवेत शिरतात, ऑक्सिजनवर आदळतात आणि हिरवा प्रकाश उमटतो. हे घडतं शंभर किलोमीटरच्याही वर. ढग मात्र त्याच्या कितीतरी खाली. वर सोहळा रंगलेला असला तरी खाली ढग दाटले की काहीच दिसत नाही. मुक्कामाच्या रात्री हाताशी हव्यात त्या यासाठी.

नॉर्वेतलं ट्रोम्सो समुद्रकाठी आहे. थंडी त्यामानानं सोसवते, पण ढग फार. स्वीडनमधल्या अबिस्कोला पश्चिमेचे डोंगर ढग अडवतात, त्यामुळं आकाश अधिक वेळा मोकळं मिळतं. थंडी मात्र उणे वीसच्याही खाली जाते. मी अबिस्कोच सुचवेन.

मे महिन्याच्या सुट्टीचा बेत तर मनातून काढूनच टाका. तेव्हा तिकडं रात्र धड काळोखी होतच नाही. सप्टेंबर ते मार्च हा हंगाम, आणि त्यात दिवाळीची सुट्टी उत्तम बसते. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे चंद्रप्रकाशाचाही अडथळा नाही. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे नॉर्वे-स्वीडनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तेव्हा दिवाळीसाठी जुलैतच कागदपत्रं लावा. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच.

आणि तिथं पोहोचल्यावर एक ध्यानात ठेवा. प्रकाश क्षीण असेल तर डोळ्यांना नुसता पांढुरका पट्टा दिसतो, ढगासारखा. 'काहीच नाही' म्हणून आत जाऊ नका. मोबाईल स्टँडवर लावून नाइट मोडमध्ये काही सेकंदांचा फोटो काढा. पट्टा हिरवा आला, तर घरच्यांना लगेच बाहेर बोलवा. बॅटरी गारठ्यात झटकन उतरते. जादाची पॉवर बँक स्वेटरच्या आत, अंगाशी ठेवा.