फाइल दोघांची

श्रोतेहो, नमस्कार.

२०१६ सालच्या मे महिन्यातली एक रात्र. न्यू जर्सीतलं आमचं भाड्याचं घर, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या नवऱ्याने आणून ठेवलेला कागदांचा गठ्ठा. जिथे जिथे माझी सही हवी होती, तिथे त्याने पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मी पोळ्या करत होते. हात धुतले, पदराला पुसले आणि दहा मिनिटांत सगळ्या सह्या करून टाकल्या. एकही पान वाचलं नाही. माझ्या ग्रीन कार्डाचे अर्ज होते ते. आज मला त्या दहा मिनिटांविषयी तुमच्याशी बोलायचं आहे. कारण आपल्या मराठी घरांमध्ये आजही असंच चालतं. दोघांपैकी एक जण फॉर्म भरतो आणि दुसरं माणूस चिठ्ठी दिसेल तिथे सही करतं. आणि बहुतेक वेळा ज्याचं या देशातलं राहणं त्या कागदांवर ठरणार असतं, तेच माणूस न वाचता सही करत असतं.

आधी थोडं प्रक्रियेबद्दल. मी वकील नाही. गेली काही वर्षं ओळखीच्या लोकांना मराठी कागदपत्रांचं भाषांतर करून देते, त्यातून जे पाहिलं तेवढंच सांगते. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल, तर जोडीदारासाठी आय-१३० नावाचा अर्ज करायचा. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोट्याची मर्यादा नाही, रांग नाही. अर्ज करणाऱ्याकडे स्वतःचं फक्त ग्रीन कार्ड असेल, तर मात्र जोडीदार एफ-२ए नावाच्या रांगेत जातो आणि सरकार दर महिन्याला काढतं त्या व्हिसा बुलेटिनमध्ये रांग कुठल्या तारखेपर्यंत आली, हे बघत बसावं लागतं. जोडीदार भारतात असेल, तर आय-१३० मंजूर झाल्यावर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म भरायचा असतो, आणि आपल्याकडच्या मुलाखती मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होतात. जोडीदार अमेरिकेत कायदेशीर प्रवेश करून राहत असेल आणि नागरिकाशी लग्न झालं असेल, तर आय-१३० बरोबरच आय-४८५ हा इथल्या इथे ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. माझं तसंच होतं. मी सांगलीहून विद्यार्थी व्हिसावर आले होते, शिक्षण संपवून नोकरीला लागले होते. नवरा लहानपणीच आई-वडिलांबरोबर पुण्याहून आलेला, इथला नागरिक.

ऑगस्टमध्ये आईचा फोन आला. "बाबांना मिरजेला नेलंय. छातीत दुखत होतं. डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत. तू येतेस ना गं?" मी "येते" म्हटलं आणि तिकीट बघायला बसले. नवरा मागे उभा होता. तो म्हणाला, "थांब. जरा थांब. अर्ज चालू असताना देशाबाहेर जाता येतं का, बघू दे मला."

जाता येत नव्हतं. आय-४८५ प्रलंबित असताना परवानगीशिवाय देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-१बी किंवा एल हा नोकरीचा, किंवा एच-४ हा एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा असलेल्यांना त्यांच्या वैध व्हिसावर परत येण्याची मुभा आहे, विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना नाही. त्यासाठी आय-१३१ हा आगाऊ परवानगीचा वेगळा अर्ज करायचा असतो. त्या काळात तो आय-४८५ बरोबर जोडला तर त्याची फीसुद्धा नव्हती. फुकट होता. पण आम्ही जोडला नव्हता, कारण फॉर्म भरताना नवऱ्याला वाटलं, यंदा आपण कुठे जाणार आहोत? त्याची चूक म्हणून मी हे सांगत नाही. तो कामावरून येऊन रात्री बारा-बारापर्यंत ते फॉर्म भरत होता. पण माझ्या बाबांना दोन वर्षांपूर्वी छातीत दुखून गेलं होतं, हे मला माहीत होतं. मी ते पान वाचलं असतं, तर माझा हात तिथे थांबला असता.

मग धावपळ. मिरजेच्या डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र भावाने मागवून घेतलं, त्यावर रुग्णाचं नाव, ऑपरेशनची तारीख आणि सही-शिक्का. तातडीची परवानगी मागायला स्थानिक इमिग्रेशन कार्यालयाची वेळ मिळवली. तिथल्या बाईंनी सगळे कागद नीट वाचले आणि त्याच दिवशी परवाना हातात दिला. पण ती वेळ मिळेपर्यंत दिवस गेले होते. आईच्या फोननंतर अकराव्या दिवशी मी सांगलीच्या घरात पाऊल ठेवलं. बाबा ऑपरेशन होऊन घरी आले होते, टाके निघाले होते. मला बघून ते एवढंच म्हणाले, "आलीस का? जेवलीस का?"

आज अर्ज करणाऱ्यांसाठी: १ एप्रिल २०२४ च्या दरपत्रकापासून आय-१३१ फुकट जोडण्याची ही सवलत गेली. आय-४८५ ला १,४४० डॉलर, कागदी आय-१३० ला ६७५, आणि परवानगीचा आय-१३१ करायचा तर वेगळे ६३०. कामाच्या परवान्याचेही वेगळे पैसे. म्हणजे आता कुठला अर्ज जोडायचा आणि कुठला नाही, हा पैशांचाही निर्णय झाला आहे. तो दोघांनी बसून घ्यावा, गावी आई-वडिलांच्या तब्येती कशा आहेत हे बोलून घ्यावा. वैद्यकीय तपासणीचा फॉर्मही डिसेंबर २०२४ पासून आय-४८५ सोबतच द्यावा लागतो. डॉक्टरांनी बंद करून दिलेलं पाकीट उघडायचं नाही. भरण्याआधी दर आणि फॉर्मच्या तळाशी छापलेली आवृत्तीची तारीख सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या, जुन्या आवृत्तीचा फॉर्म परत येतो.

आता पुराव्यांबद्दल. आपल्याला वाटतं, लग्नाचा अल्बम दाखवला की झालं. अल्बम द्या, पण वजन असतं ते साध्या कागदांना: दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र बँक खातं आणि त्यातून दर महिन्याला जाणारं वीजबिल, आरोग्य विम्यात जोडीदाराचं नाव, एकत्र भरलेला आयकर. लग्न एका दिवसाचं असतं, वीजबिल दर महिन्याला येतं. अधिकाऱ्याला बघायचं असतं ते तुमचं एकत्र राहणं.

आम्ही लग्नपत्रिकाही जोडली होती. लग्न इथेच झालं, पण पत्रिका बाबांनी सांगलीत छापून बॅगेतून आणल्या होत्या. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाचं संपूर्ण भाषांतर द्यावं लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने सही करून लिहायचं असतं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे. संपूर्ण म्हणजे संपूर्ण. माझी मैत्रीण दोन संध्याकाळी बसली. "आमचे येथे श्री कृपेकरून" झालं. "चि. सौ. कां." पाशी ती बराच वेळ अडली, शेवटी तिने "वधूच्या नावाआधीचं आशीर्वादाचं संबोधन" अशा अर्थाचं लिहिलं. आणि अगदी खाली, माझ्या भाच्यांच्या नावांनी छापलेलं "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" तेही तिने सोडलं नाही. पुढे मी स्वतः लोकांना भाषांतरं करून द्यायला लागले, ते तिचं ते काम बघून.

मुलाखत जानेवारी २०१७ च्या अखेरीस झाली. शपथ घेतली, पासपोर्ट दाखवले, कसे भेटलात, सकाळी आधी कोण उठतं, असे प्रश्न झाले. मग अधिकारी एका फोटोवर थांबले. ताटात तांदूळ पसरलेले, आणि नवरा अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहितो आहे. त्यांनी विचारलं, "हे काय लिहिलंय?" मी सांगितलं, लग्नानंतरचं नाव. "हे नाव तुम्ही वापरता?" पासपोर्टवर नाही, बँकेत नाही, पण सासरचे सगळे मला त्याच नावाने हाक मारतात. त्यांनी माझा फॉर्म उघडला. "वापरलेली इतर नावं" हा रकाना रिकामा होता. त्यांनी पेनाने तिथे ते नाव लिहिलं आणि मुलाखतीच्या शेवटी त्या दुरुस्तीसकट मी पुन्हा सही केली. ती माझी पहिली वाचून केलेली सही.

नावाची ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांना फार अडते, म्हणून थोडं थांबून सांगते. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव; लग्नानंतर तिन्ही बदलू शकतात. शाळा सोडल्याचा दाखला एका नावाने, पासपोर्ट दुसऱ्या, विवाह नोंदणीचा दाखला तिसऱ्या. बदल करणं चूक नाही, लपवणं अडचणीचं. जी जी नावं कधी वापरली, ती सगळी फॉर्ममध्ये लिहा आणि राजपत्रातली जाहिरात असेल तर जोडा. जन्मदाखल्याचंही तसंच. पुष्कळ जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं "मुलगी". नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घेता येतं का, ते आधी विचारा. नोंदच नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि त्याला शाळेचा दाखला व जाणत्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडा. हे काम गावाकडून व्हायला महिने लागतात, म्हणून सुरुवात इथूनच करा.

मला कार्ड मिळालं ते दोनच वर्षांचं. १९८६ च्या कायद्यापासून असं आहे की, कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ते सशर्त असतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरून अट काढून घ्यायची. नाही भरला तर तुमचा दर्जा आपोआप संपतो. तारीख कार्डावरच छापलेली असते, पण कार्ड पाकिटात आणि पाकीट पर्समध्ये. मी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली. घटस्फोट झाला असेल किंवा घरात मारहाण, छळ झाला असेल, तर हा अर्ज एकटीने, एकट्याने करता येतो.

छळाचा विषय निघाला म्हणून स्पष्ट बोलते. "माझं ऐकलं नाहीस तर तुझा अर्ज मागे घेईन" हे वाक्य मी आपल्या ओळखीच्या घरांमधून ऐकलं आहे. ज्या बाईने आपली फाइल कधी उघडलीच नाही, तिला ते खरं वाटतं. १९९४ पासून कायदा असा आहे की, अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराकडून छळ होत असेल, तर पीडित व्यक्ती स्वतःचा अर्ज स्वतः करू शकते, जोडीदाराला कळूही न देता. पुरुषांनाही हा कायदा लागू आहे. नवरा एच-१बी वर असेल तर हा रस्ता नाही, तिथे वकिलाशीच बोलावं लागेल. न्यू जर्सीत "मानवी" ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते आहे. आणि देशभराचा घरगुती हिंसाचाराचा मदत क्रमांक आहे १-८००-७९९-७२३३. पुन्हा सांगते, १-८००-७९९-७२३३.

न वाचता होणारी आणखी एक सही आहे, ती बहुधा दिराची किंवा चुलत भावाची असते. आय-८६४, म्हणजे आर्थिक आधाराची हमी. हमी देणाऱ्याचं उत्पन्न गरिबीरेषेच्या १२५ टक्के लागतं. २०२५ च्या आकड्यांनी दोन माणसांच्या घराला वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर. तेवढं नसेल तर दुसरा हमीदार घेता येतो, आणि आपल्याकडे तो "अरे, नुसती सही कर" म्हणून घेतला जातो. ती नुसती सही नाही. ते सरकारशी केलेलं करारपत्र आहे. ज्याच्यासाठी हमी दिली तो नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत, किंवा तो देश कायमचा सोडून जाईपर्यंत किंवा दोघांपैकी कुणाचा मृत्यू होईपर्यंत ती टिकते. घटस्फोटाने ती संपत नाही.

आणि एक जोडपं सांगते. दोघंही मराठी, नवऱ्याच्या नोकरीतून ग्रीन कार्डाचा अर्ज, भारतात जन्मलेल्यांच्या लांबलचक रांगेत वर्षानुवर्षं उभे. बायकोचा जन्म मस्कतचा, तिचे वडील तिथे नोकरीला होते म्हणून. त्या रांगेत जन्माचा देश मोजतात, नागरिकत्व नाही, आणि जोडीदाराच्या जन्मदेशाचा आधार घेऊन भारताच्या रांगेबाहेरही पडता येतं. एवढी वर्षं सगळे फॉर्म नवराच भरत होता, सगळी बोलणी तोच करत होता. ती कुठे जन्मली, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आमचा आय-७५१ आम्ही २०१८ च्या दिवाळीत भरला. तेच टेबल, तसाच गठ्ठा. या वेळी चिठ्ठ्या नव्हत्या. मी मोठ्याने वाचत होते, तो ऐकत होता, मग तो वाचायचा आणि मी ऐकायची. जुन्या फॉर्मवरून उतरवून घेताना बाबांच्या नावाचं एक अक्षर चुकलं होतं, ते सापडलं, दुरुस्त केलं. सगळ्या पानांच्या दोन प्रती काढल्या, एक त्याच्या कपाटात, एक माझ्या. त्या रात्री सह्या व्हायला तीन तास लागले.

नमस्कार.