फलकावर लिहायचे दोन आकडे

(ठाण्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सभ्य स्त्री-पुरुषहो,

निमंत्रणपत्रिकेवर विषय 'कंपन्यांचे करनियोजन आणि सामाजिक दायित्व' असा छापला आहे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांचे हिशेब लिहिण्यात माझी तीसेक वर्षे गेली. करनियोजनाची चर्चा वित्त विभागात दार लावून होते आणि सामाजिक दायित्व खाली स्वागतकक्षात चौकटी करून टांगलेले असते, हे मी इतकी वर्षे पाहिले; या दोघांची एकमेकांशी ओळख कोणी करून दिलेली मात्र पाहिली नाही. ती करून द्यावी, एवढाच आजचा हेतू आहे.

त्याआधी आमच्या सोसायटीतली एक हकीकत सांगतो. नौपाड्यातल्या ज्या मंडळींनी ती माझ्याकडून पूर्वी ऐकली असेल, त्यांनी कृपया हसण्याच्या जागी हसावे. मी सोसायटीचा खजिनदार आहे. उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखे असते, पण पाण्याचे शुल्क सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि त्यांचा व्यास पाहून लावायचे असते. एका वर्षी आम्ही घरोघर जाऊन जोड मोजायचे ठरवले. मोजणीच्या आदल्या आठवड्यात एका सभासदाने प्लंबर बोलावला, गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या चार जोडांपैकी तिघांना बूच मारले आणि उरलेल्या एकाला आतल्या आत फाटे काढून स्वयंपाकघरापासून कपडे धुण्याच्या यंत्रापर्यंत सगळीकडे पाणी फिरवले. मी वही घेऊन गेलो तेव्हा भिंतीवरचे सिमेंट अजून ओले होते. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, जोड एकच आहे. उपविधी तर तुम्हीच वाचून दाखवलेत." यात खोटे काहीच नव्हते. पाणी पूर्वीइतकेच वापरले जात होते, त्यांचे पाण्याचे शुल्क पाववर आले होते आणि राहिलेली रक्कम आम्हा इतरांच्या बिलांत चढली होती.

पुढच्या उन्हाळ्यात याच गृहस्थांनी आईच्या स्मरणार्थ फाटकाशी स्टीलची पाणपोई बसवली. रिक्षावाले, कुरिअरची मुले तिथे थंड पाणी पितात, आणि ते पुण्याचेच काम आहे. फक्त पाणी सोसायटीच्या टाकीतले आणि वीज सामाईक मीटरवरची. 15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि गौरवाचे चार शब्द बोलण्याचे काम खजिनदाराकडे आले. शालीचा खर्चही सोसायटीच्याच खात्यात पडला, याची नोंद हिशेबनीस म्हणून करून ठेवतो.

आता हीच पाणपोई कंपनी कायद्यात पाहू. 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम, 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, असे हे कलम सांगते. हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून करपात्र नफ्यातून वजा करता येणार नाही, हेही 2014 मध्येच स्पष्ट करण्यात आले. कायदा चांगला आहे. पण हे 2 टक्के नफ्यावर आहेत, आणि नफा ही नळजोडासारखीच मोजायची वस्तू आहे.

समजा, एका कंपनीचा नफा दरवर्षी 100 रुपये आहे. 2019 मध्ये आणलेल्या सवलतीच्या दराने, अधिभार व उपकर धरून, तिचा कर 25.17 रुपये आणि सामाजिक दायित्व 2 रुपये होते. आता तिने परदेशातल्या भगिनी कंपनीला, म्हणजे त्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला, तिचे नाव वापरल्याबद्दल दरवर्षी 40 रुपये रॉयल्टी द्यायला सुरुवात केली. इथला नफा 60 उरला, त्यावरचा कर 15.10 झाला, रॉयल्टीवर दोन देशांतल्या करविषयक करारानुसार 10 टक्के कर इथेच कापला गेला असे धरून आणखी 4 रुपये मिळवा. तरी तिजोरीचे 6.07 रुपये गेलेच. सरासरी तीन वर्षांची असल्याने तेवढ्या काळात सामाजिक दायित्वही आपोआप 1.20 वर आले, म्हणजे ज्या दानाचा फलक लागतो ते दानही त्याच युक्तीने आटले. भगिनी कंपनीशी व्यवहार परक्याशी करावा त्याच भावाने झाला पाहिजे, हा नियम आपल्याकडे 2001 पासून आहे. परंतु टोमॅटोचा भाव जांभळी नाक्यावर विचारता येतो, नावाचा भाव कुठल्या बाजारात विचारायचा?

2012 मध्ये ब्रिटनमध्ये स्टारबक्स ही कॉफीगृहांची कंपनी फारच कमी कर भरते म्हणून ओरड झाली, तेव्हा कंपनीने दोन वर्षांत मिळून सुमारे 2 कोटी पौंड कर आपण होऊन भरण्याचे जाहीर केले. करही वर्गणीसारखा, आपल्या इच्छेने द्यायचा झाला! गणपतीच्या वर्गणीलासुद्धा आपल्याकडे याहून जास्त सक्ती असते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे राहिली आहेत आणि मुख्य प्रतिपादन अजून व्हायचेच आहे. भराभर सांगतो. कायद्याच्या चौकटीतले करनियोजन वैध, पण बनावट साधने त्यात बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मॅकडॉवेल कंपनीच्या खटल्यात 1985 च्या निकालात म्हटले. परदेशात झालेल्या शेअर खरेदीवर इथे कर लागतो का, या वादात व्होडाफोन या दूरध्वनी कंपनीच्या बाजूने 2012 मध्ये निकाल लागला, सरकारने त्याच वर्षी पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या व्यवहारांनाही लागू होणारी, दुरुस्ती केली आणि 2021 मध्ये ती मागे घेतली. केवळ कर वाचवण्यासाठी रचलेले व्यवहार बाजूला सारण्याचे सर्वसाधारण नियम 1 एप्रिल 2017 पासून अमलात आले. म्हणजे हत्यारे आहेत.

माझे म्हणणे असे की, कर आणि दायित्व या एकाच कामाच्या दोन बाजू नाहीत. कराचे पैसे कुठे जावेत हे लोकांनी निवडलेले सभागृह ठरवते, त्यात राज्यांचाही वाटा असतो. दायित्वाचे पैसे कुठे जावेत हे संचालक मंडळ ठरवते, आणि कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्या म्हणत असल्याने ते ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या आसपास सहज पोचतात, कारखाने नसलेल्या तालुक्यांत तितके नाही. म्हणून शाळेच्या भिंतीवर लागणाऱ्या प्रत्येक सौजन्य-फलकावर दोन आकडे असावेत: कंपनीने दिलेली देणगी, आणि तिच्या नफ्यावर प्रत्यक्षात भरल्या गेलेल्या कराची टक्केवारी. दुसरा आकडा वार्षिक अहवालातून काढता येतो. तो फलकावर आणायला रंगाऱ्याचा अर्धा तास पुरतो.

आमच्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक सदनिकेला पाण्याचा मीटर बसवण्याचा ठराव आहे. सूचक मी आहे. अनुमोदक अजून मिळायचा आहे.