रविवारचा रस्सा आणि सोमवारचा काटा

नमस्कार मंडळी. शनिवारची संध्याकाळ आहे, म्हणजे निम्म्या कोल्हापूरचं डोकं आत्ता उद्याच्या मटणात अडकलंय आणि ज्यांचा जोतिबाचा रविवार असतो त्यांच्याकडं साबुदाणा भिजायला पडायचा आहे. मी काही डॉक्टर नाही, डाएटिशियन तर नाहीच, ऑफिसात खुर्चीला चिकटून काम करणारा साधा माणूस, वय 43, गेल्या वर्षी वजन 91 किलो आणि आता 83. ते आठ किलो कसे गेले हे सांगायला नाही बसलो, आधीचे तीन महिने एक ग्रॅम पण का हलला नाही ते सांगायचंय.

सोमवार ते शुक्रवार माझं एकदम शिस्तीत चालायचं. डब्यात दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मेथी नाहीतर पोकळा, मटकीची उसळ, एक काकडी, संध्याकाळी रंकाळ्यावर चालणं. शुक्रवारी काट्यावर 89.8. घरात पेढे वाटायचेच बाकी. आणि सोमवारी सकाळी परत 91! सापशिडीच्या 98 वर बसलेला साप असतो ना, तसला. मी काटाच बदलून आणला एकदा, म्हटलं बॅटरी गेली असेल.

आता यात एक गोष्ट नंतर कळली ती आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही काटा बदलायला जाणार नाही. सोमवारी वाढलेलं सगळं वजन चरबी नसते. भात-भाकरी-पाव जास्त झाला की त्याची झालेली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागं साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, वर मिठाचं खाल्लेलं, ते पण पाणी अडवतं. हे पाणी दोन-तीन दिवसात उतरतं. म्हणून मी आता सोमवारी काट्याकडं बघतच नाही, बुधवारी किंवा गुरुवारी चढतो.

पण हे ऐकून खूश होऊ नका, कारण हिशोब कुठं चुकतो ते वेगळंच आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7700 कॅलरी. मी पाच दिवस रोज 400 कमी खायचो, झाले 2000. शनिवार-रविवार रोज हजार जास्त, झाले 2000. शिल्लक शून्य. आणि हजार म्हणजे काय लई नाही हो, नाष्ट्याला मिसळ, दुपारी एक भाकरी जादा, संध्याकाळी भेळ, रात्री मित्रांबरोबर "बसणं" आणि त्याच्यावरचे खारे शेंगदाणे, झालं.

मला वाटायचं मटणानं घात केला. म्हणून दोन रविवार मटण बंद केलं, घरात सुतक असल्यासारखं वातावरण, पोरं माझ्याकडं रागानं बघायची आणि संध्याकाळी मी एकटाच गाडीवर जाऊन दोन बटाटेवडे हाणून आलो. मग एका रविवारी नेहमीसारखं मटण झालं, आणि रात्री ताक घ्यायला फ्रीज उघडला तर दुपारचा उरलेला तांबडा रस्सा आत थिजलेला. वर लालभडक साय. चमच्यानं उचलली तर अख्खी वडी निघाली, वाटीत ठेवली, निम्मी वाटी भरली. निम्मी वाटी म्हणजे 70 ग्रॅमच्या आसपास, चरबीच्या ग्रॅमला 9 कॅलरी, सहाशेच्या वर गेलं की हे! आणि हा नुसता उरलेल्या रश्शाचा कट होता, बाकीचा दुपारी आमच्या पोटात गेला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2000 कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप 27 ग्रॅम धरलंय. मी ती वाटी हातात घेऊन उभा, आई मागनं म्हणते, "आरं टाकतोस काय ते? सगळी चव त्यातच हाय की!"

तिचं खरं आहे, चव त्यातच असते. पण सगळी नसते. आता आम्ही काय करतो, अळणी, म्हणजे ज्या पाण्यात मटण शिजतं ते, सकाळी लवकरच शिजायला टाकतो. मटण शिजलं की ते पाणी रुंद पातेल्यात ओतून अर्धा तास अजिबात हलवायचं नाही, चरबी वर तरंगते, ती पळीनं काढून घ्यायची, मग त्याच्यातनं निम्म्याचा तांबडा आणि निम्म्याचा पांढरा. फोडणीचं तेल आई किटलीतनं अंदाजानं ओतायची, मी एकदा मोजलं तर आठ पळ्या, आता तीन. तिखट तेवढंच, आलं-लसूण, तीळ-खोबरं भाजलेलं तेवढंच. पहिल्या रविवारी आई बोलली नाही माझ्याशी, दुसऱ्या रविवारी म्हणाली रस्सा जरा पाणचट वाटतोय, तिसऱ्या रविवारी कोणाच्या लक्षात पण आलं नाही. पांढऱ्या रश्शाला मात्र जपा मंडळी, आपण तो पाण्यासारखा वाट्यावर वाट्या ओढतो आणि त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस सगळंच असतं. एक वाटी, फारतर दीड.

पण खरी गोम रस्सा नव्हतीच. गोम होती घड्याळाची. आठवड्यात डबा असतो, तो तुमचा राखणदार, एक वाजला की उघडायचा, आहे तेवढं खायचं, संपलं. रविवारी राखणदाराला सुट्टी. उठायचं नऊला, चहा दोनदा, साडेदहाला पोराला घेऊन मिसळ, तिथं ब्रेडचे स्लाइस कोण मोजतंय, आणि "कट वाढ की रे" म्हटल्याशिवाय आपल्याला जेवल्यासारखं वाटत नाही. मटण शिजून ताट वाढेपर्यंत अडीच-तीन, तोवर स्वयंपाकघरात चार फेऱ्या, मीठ बघायला म्हणून एक फोड, शिजलंय का बघायला दुसरी. मग भुकेनं कासावीस होऊन ताटावर बसायचं आणि तिसरी भाकरी कधी संपली कळायचं नाही. मी आता रविवारी पण साडेआठला दोन अंडी नाहीतर मुगाची धिरडी खातोच, आणि जेवण एक वाजता म्हणजे एक वाजता, पाहुणे असू देत नाहीतर मॅच असू दे. मिसळ महिन्यातनं एकदा, ती शनिवारी नाही, मटणाच्या दिवशी तर नाहीच. एवढ्या एकाच बदलानं जेवढं उतरलं तेवढं बाकी कशानं उतरलं नाही.

शनिवारचं थोडक्यात. आमच्याकडं मारुतीचा शनिवार, मी मोठ्या भक्तीनं खिचडी खायचो आणि मनात म्हणायचो आज डाएट आपोआप झालं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅमला 350 कॅलरी आणि प्रोटीन नावाला. त्यात मूठभर दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, भरलेली डिश सातशेपर्यंत जाते. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्या पूर्वजांना कॅलरी न मोजता कळलं होतं. उपास सोडला नाही मी, वरी आणि ताक घेतो, राजगिरा असतो, खिचडी बायकोच्या ताटातनं दोन घास. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र उपासाचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, खरंच करू नका.

आता जत्रा आणि म्हाई, म्हणजे गावाकडच्या मटणाच्या पंगती. इथं सगळी शहाणपट्टी गळून पडते, मान्य आहे. मामाच्या गावाला पंगतीत बसल्यावर "माझं डाएट आहे" म्हणून बघा, मामी रडेल. मी एक शिकलोय, वाढणारा मोकळं ताट हुडकत असतो. त्यामुळं ताटात अर्धी भाकरी आणि थोडा रस्सा शेवटपर्यंत ठेवायचा, सावकाश, कांदा चावत बसायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा काढायच्या. ज्याचं ताट पहिल्यांदा रिकामं होतं त्याचा बळी जातो. आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहू नका, मी राहिलोय, संध्याकाळी सहाला भडंगाची पिशवी एकट्यानं संपवलेली आहे.

एक कबुली राहिली. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार काढून देतात तो दुधाचा ग्लास मी सोडलेला नाही, सोडणार पण नाही. अडीचशे कॅलरी असतील, असू देत, पंधरा दिवसातनं एकदा चालत जातो आणि चालत येतो, आणि त्या रात्री जेवण ताक-भाकरीवर.

बरं, वेळ संपत आलीय, समोरनं खूण करतायत. मला पण घरी जाऊन अळणीचं मोठं पातेलं माळ्यावरनं काढायचंय आणि गजर लावायचाय, कारण उद्या मटणाच्या दुकानापुढं सातच्या आत पोचलं नाही तर रांग पार कोपऱ्यापर्यंत जाते, आणि मग कसलं एक वाजता जेवण. नमस्कार.