सहा तुकडे, दहा स्क्रू: टोनेटची खुर्ची

मुंबईत इराण्याच्या हॉटेलात चहा घेतला असेल, तर ही खुर्ची ओळखीची वाटेल. काळपट लाकूड, गोल बैठक, पाठीला एकीत एक अशा दोन कमानी. मागच्या पायावरून हात वर नेत जा. पाय कुठे संपला आणि पाठ कुठे सुरू झाली, ते बोटांना कळत नाही. कारण मागचे दोन्ही पाय आणि बाहेरची कमान हा एकच दांडा आहे, जवळजवळ दोन मीटर लांब.

ही पद्धत मिखाएल टोनेटची. जन्म 1796, ऱ्हाइनकाठचं बोपार्ड गाव, धंदा सुतारकीचा. आधी तो लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकावर एक रचून साच्यात वाकवायचा. 1842 मध्ये ऑस्ट्रियाचे चान्सलर मेटर्निख यांनी त्याला व्हिएन्नाला बोलावलं. 1853 मध्ये धंदा पाच मुलांच्या नावावर झाला: गेब्रूडर टोनेट, म्हणजे टोनेट बंधू.

अडचण सरसाची होती. जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस दमट हवेत मऊ पडतो आणि थर सुटतात. लांबच्या देशांत माल पाठवायचा, तर अखंड लाकूडच वाकवायला हवं.

आता हे जवळून पाहा. काठी वाकवली की आधी फाटते ती बाहेरच्या बाजूने. वाफवलेलं लाकूड दाब भरपूर सोसतं. बीच नावाच्या झाडाचं लाकूड तर लांबीच्या पाव हिश्श्याइतकंही दबतं. ताण मात्र एक-दोन टक्क्यांपलीकडे सोसत नाही. टोनेटने बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी लावली आणि दांड्याची दोन्ही टोकं तिच्यात जखडली. पट्टी लांबत नाही, म्हणून लाकडालाही ताणायला वाव नाही. सगळं वाकणं आतल्या बाजूच्या दाबावर निभावतं. 1856 मध्ये या पद्धतीचं पेटंट मिळालं. आमच्या मते कंपनीची खरी कमाई खुर्चीपेक्षा ही पट्टी.

काम असं चालतं. तंतूंच्या रेषा सरळ असलेलं, बिनगाठीचं बीच निवडायचं, दांडे कापून लेथवर गोल करायचे, काही तास वाफेत ठेवायचे. बाहेर काढल्यावर दोन माणसं दांडा ओतीव लोखंडाच्या साच्याभोवती ओढून शिकंजे आवळतात. हाताशी मिनिटंच असतात. निवलेलं लाकूड ऐकत नाही. मग साच्यासकट वाळवणखोलीत, साधारण 70 अंशांवर, वीसेक तास. घाईने काढलं तर कमान उघडत जाते. रेषा तिरकी असेल तर पट्टी असूनही चीर जाते. पट्टी सैल राहिली तर बाहेरून फाटतं, अति घट्ट बसली तर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात.

कारखाने मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात), बीचच्या जंगलांजवळ: आधी कोरिचानी, मग बिस्त्रित्से. 1859 मध्ये हीच, 14 नंबरची खुर्ची आली. तिची स्क्रूवर जोडायची आवृत्ती म्हणजे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट: पाय-पाठीचा दांडा, आतली कमान, बैठकीचं कडं, पुढचे दोन पाय आणि पायांमधलं कडं. सुटे तुकडे रचले तर एक घनमीटर खोक्यात 36 खुर्च्या मावत. 1930 पर्यंत सुमारे 5 कोटी विकल्या गेल्या.

पेटंट 1869 मध्ये संपलं आणि जे. अँड जे. कोनसारखे प्रतिस्पर्धी उतरले.

पुढे टोनेट पोलादाकडे वळली. 1926 मध्ये डच वास्तुकार मार्ट स्टाम यांनी गॅसच्या नळ्या जोडून मागचे पायच नसलेली खुर्ची केली. ती लवचीक नव्हती. नळ्या वाकू नयेत म्हणून आतून आधार द्यावा लागला होता. जर्मन वास्तुकार मीस फान डेर रोह यांनी 1927 मध्ये तिला लवचीकपणा दिला. बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन शाळेचे मार्सेल ब्रॉयर यांनी अशाच नळीच्या चौकटीत बीच आणि वेताची बैठक बसवली. त्यांची स्टँडर्ड-म्योबेल ही कंपनी टोनेटने विकत घेतली. हक्कावरून कोर्टबाजीही झाली. 1932 मध्ये जर्मन न्यायालयाने मागचे पाय नसलेल्या रचनेचा हक्क स्टाम यांना दिला. म्हणून ब्रॉयर यांच्या खुर्चीवर आजही स्टाम यांचं नाव लागतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातले कारखाने सरकारजमा झाले. बिस्त्रित्सेचा कारखाना आज टॉन नावाने चालतो. टोनेट कंपनी जर्मनीत फ्रँकनबर्गला आहे.

जुनी खुर्ची मिळालीच, तर उलटी करा. बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला कागदी चिठ्ठी किंवा ठसा शोधा. टोनेटचा असेल, नाहीतर प्रतिस्पर्ध्याचा. मग मागचा पाय कड्याला मिळतो तिथे बघा. खुर्ची डुगडुगते ती बहुधा इथे, स्क्रू ढिला पडल्यामुळे. भोक मोठं झालं असेल तर जाड स्क्रू घुसवू नका, लाकूड उभं फाटेल. भोकात लाकडाची खुंटी सरस लावून ठोका, पूर्ण वाळू द्या आणि नव्याने बारीक भोक पाडून मूळ मापाचाच स्क्रू आवळा.