आचाऱ्याचं गाव

नमस्कार मंडळी! आतून बटाटेवड्यांचा वास मलाही येतोय, त्यामुळे फार ताणत नाही.

डिसेंबरात आम्ही डर्बनहून गाडीने निघालो आणि पेट्रोल भरायला कॉकस्टॅड नावाच्या गावी थांबलो. कॉक म्हणजे डच भाषेत आचारी, म्हणजे आपली आचारीवाडीच की! हसताय, पण गोष्ट खरी आहे. गावाला ज्यांचं नाव आहे त्या कॉक घराण्यातला पहिला अॅडम कॉक गुलामीतून सुटलेला, दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला असलेल्या केप वसाहतीत स्वयंपाकी होता असं सांगतात, आणि त्याच्याभोवती तिथले मूळ रहिवासी खोईखोई, गोऱ्यांची मिश्र मुलं, सुटलेले गुलाम असे सगळे जमत गेले. हे लोक स्वतःला बिनदिक्कत 'बास्टार्ड' म्हणायचे, त्यांना त्याचं काही नव्हतं, लाज वाटली ती मिशनरी कँपबेलला, मग १८१३ मध्ये नाव बदलून झालं ग्रिक्वा.

१८२६ मध्ये त्यांच्यातले बरेच जण फिलिपोलिस या गावी स्थिरावले. मेंढ्या पाळल्या, लोकर विकली, बरं चाललेलं. मग बोअर, म्हणजे डच वंशाचे गोरे शेतकरी आले. आधी नुसता चारा मागायला, मग भाडेपट्ट्याने जमीन, मग हळूहळू कागद त्यांचे, कुरणं त्यांची, आणि १८५४ ला इंग्रज हात झटकून निघून गेल्यावर दाद मागायची कोणाकडे? १८६१ मध्ये तिसऱ्या अॅडम कॉकने उरलेले हक्क ४,००० पौंडांना ऑरेंज फ्री स्टेट या बोअरांच्या राज्याला विकले. विकले असंच लिहिलं जातं. मोबदला घेतला म्हणजे राजीखुशीने गेले, हे मला तरी पटत नाही.

साधारण २,००० माणसं, ३०० बैलगाड्या, वर दुष्काळ, ढोरं वाटेत मरतायत, आणि समोर ड्रॅकेन्सबर्गचे डोंगर. रस्ता नव्हताच, तो यांनीच फोडत नेला. त्या खिंडीचं नाव ओंगेलुक्सनेक, म्हणजे अपघाताची खिंड. पलीकडच्या मुलखाला इंग्रज 'नोमॅन्सलँड' म्हणायचे, कोणाचाच नाही म्हणे! तिथे भाका, म्पोंडो लोक होतेच की. म्हणजे उठवलेली माणसं दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, हेही सांगायलाच हवं.

तिथे कॉकस्टॅड वसवलं, आणि थोड्याच वर्षांत, १८७४ मध्ये, इंग्रजांच्या केप सरकारने तोही मुलूख ताब्यात घेतला. लढाई नाही, करार नाही.

पुढच्याच वर्षी ३० डिसेंबरला कॉक गाडीतून पडून गेला. बैलगाडीने डोंगर ओलांडलेला माणूस, आणि गेला तो घोडागाडीतून पडून.