आधी प्लॉट की आधी नक्शा?

श्रोतेहो, नमस्कार.

घर बांधायचं ठरलं की घरात दोन तट पडतात. वडीलधारे म्हणतात, आधी प्लॉट घ्या, रजिस्ट्री होऊ द्या, मग बघू. मुलं-सुना मोबाइलवर पुण्यातल्या कुठल्यातरी बंगल्याचा नक्शा दाखवतात, की असंच घर हवं, याला बसेल अशी जागा शोधा. मला विचाराल तर जागा आधी. पण ‘मग बघू’ हे काही मला पटत नाही, कारण पैसा सगळा त्या ‘मग’मध्येच जातो.

आपण इंदूरकर माळव्याच्या काळ्या मातीवर राहतो. गव्हाला, सोयाबीनला ती सोन्यासारखी, पण घराला भारी त्रासाची. मे महिन्यात राऊच्या पुढे एखाद्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन बघा, भेगांत अख्खं बोट जातं. जुलैत तीच जमीन फुगून चपलेला लोंबते. या मातीच्या बारीक कणांत पाणी शिरलं की ती फुगते, सुकली की आक्रसते. घराच्या मधोमध खालची माती ओलसर राहते, कडेची मात्र दर उन्हाळ्यात वाळते. त्यामुळे घराचा मधला भाग एका चालीने हलतो आणि कडा दुसऱ्या. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो, पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं. पुष्कळांना वाटतं, आपलं एकमजली हलकं घर, त्याला कशाला खोल पाया? खरं तर उलट आहे. उंच इमारतीचं वजन या मातीचं फुगणं बरंचसं दाबून धरतं, बैठ्या घराला ती सरळ उचलते.

म्हणून बयाणा देण्याआधी मालकाला विचारून प्लॉटवर खड्डा खणून घ्या. एक नको, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन घ्या. काळं संपून पिवळट मुरूम, म्हणजे फारसा न फुगणारा टणक थर, लागला की कुदळीचा आवाजच बदलतो. तिथवर टेप टाकून खोली मोजा. एकाच प्लॉटवर एका टोकाला मुरूम चार फुटांवर आणि दुसऱ्या टोकाला आठ फुटांवर, असंही निघू शकतं. जुना नाला किंवा विहीर बुजवून कॉलनी पाडली असेल, तर विचारूच नका. मुरूम जवळ असेल तर साध्या पायावर भागतं. फारच खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यावे लागतात. हे बुडाशी रुंद केलेले काँक्रीटचे खांब असतात. ते साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खाली नेतात, जिथे ऋतू बदलला तरी मातीची ओल फारशी बदलत नाही. वरची बीमसुद्धा जमिनीला टेकवायची नाही, खाली फुगायला जागा सोडायची. हे काम इंजिनिअरचं, ठेकेदाराच्या अंदाजावर सोडू नका. आता हा खर्च निघणार कुठून? मोबाइलमधल्या त्या नक्शातली वरची खोली कापूनच.

मोजमापाचंही तसंच. तीस बाय पन्नासचा प्लॉट म्हणजे दीड हजार चौरस फूट, असं आपण म्हणतो. समजा नियमाप्रमाणे समोर दहा, मागे पाच आणि एका बाजूला पाच फूट सोडायचे निघाले, तर उरले 25 बाय 35, म्हणजे 875. त्यातून भिंतींची जाडी वजा करा. चाळीस फूट रुंदीवर आखलेला बंगला इथे कुठे बसवणार?

दिशेचं तर विचारायलाच नको. पूर्वमुखी प्लॉटला लोक चार पैसे जास्त मोजतात आणि झोपायची खोली नेमकी मागच्या, पश्चिमेच्या भिंतीला लावतात. दिवसभर तापलेली भिंत रात्री अकरापर्यंत ऊब सोडत बसते. तिथे जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली घ्यावी. पण पश्चिम अगदी बंदही करू नका, आपल्याकडचा वारा बहुतेक तिकडूनच येतो. छज्जा खोल काढा, झरोके ठेवा.

मग आधी काय ठरवायचं? घरात कोण कोण राहणार, ते. आजींना जिना चढवत नसेल तर खालीच खोली आणि लागून बाथरूम. गाडी एक की दोन, वर पुढे भाडेकरू ठेवायचा का. हे एका कागदावर उतरवा आणि तो खिशात घेऊन प्लॉट बघायला निघा. तळमजल्यावर दवाखाना किंवा शिकवणी काढायची असेल, तर मात्र आर्किटेक्टला आधीच बरोबर न्या, कारण त्या जागेवर तसा वापर चालतो का हे प्लॉट घेण्याआधीच कळलेलं बरं. कागदपत्रांचं तुम्हाला ठाऊकच आहे : डायव्हर्शन (शेतजमीन घरासाठी वापरायची नोंद), नामांतरण (सरकारी दफ्तरात मालकाचं नाव बदलणं), टीएनसीपीने म्हणजे नगररचना खात्याने मंजूर केलेला ले-आउट, नव्या कॉलनीत रेराची, म्हणजे घर-जमीन व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची नोंदणी. वकिलाला दाखवून घ्या.

आणि जमलं तर जोराचा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जागेवर एक चक्कर मारा. शेजारच्या काकांना विचारा, पाणी किती दिवस साचतं, मे महिन्यात बोअरिंग चालतं का, नर्मदेची लाइन आली आहे की अजून टँकरच. दलाल सांगणार नाही ते ते सांगतील. त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला तडे दिसले, तर पाया किती खोल घेतला होता, तेही विचारून घ्या.

नमस्कार.