कॅम्पस बंद, मुलं शहरातच

(दृश्य: सदाशिव पेठेतला अरुंद जिना. भिंतीवर ‘मुलांसाठी कॉट उपलब्ध’चा कागद.)

निवेदन:
9 मार्च 2020. दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या एका दांपत्याचा कोरोना अहवाल पॉझिटिव्ह आला. राज्यातले हे पहिले रुग्ण. पुढच्या काही दिवसांत कॉलेजं बंद झाली आणि 24 तारखेच्या रात्री देशच बंद झाला.

ज्यांना वेळेत एसटी मिळाली, ते गावी पोचले. बाकीचे पेठांमध्ये, कर्वेनगरला, कात्रजला अडकले. त्यात कॉलेजची मुलं होती, तसेच एमपीएससीवालेही. 5 एप्रिलची पूर्वपरीक्षा तोंडावर होती, म्हणून कित्येक जण मुद्दाम थांबलेले.

(दृश्य: मेसचं बंद शटर.)

बाहेरगावच्या मुलाचं पुण्यातलं पोट मेसवर चालतं. कॉट बेसिसची खोली म्हणजे एक लोखंडी कॉट आणि एक कप्पा. खोलीत गॅस चालणार नाही, हे घरमालक आधीच बजावतात. मेसचं महिन्याचं कार्ड. गावी गेलं की खाडा, म्हणजे तेवढे दिवस कार्डातून वजा. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद. ती एक रात्र वडापाववर निघायची. आता रोजचीच रविवार रात्र झाली, आणि वडापावची गाडीही नव्हती.

डबे पोचवले ते गणेश मंडळांनी, स्वयंसेवी संस्थांनी, काही ठिकाणी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी. कॉलेजांनी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्राध्यापकांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढले, एनएसएसची मुलं रस्त्यावर उतरली. पण कोणता विद्यार्थी गावी गेला आणि कोणता शहरात उपाशी आहे, याची यादी ऑफिसात असायला हवी होती. ऑफिसात होता तो कायमचा पत्ता.

(दृश्य: विद्यापीठातली बाग, झाडांना पाणी घालणारी मुलं.)

खरी मेख विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत आहे. बागेत, ग्रंथालयात, विभागाच्या ऑफिसात तासावर काम करायचं आणि त्या पैशांत मेस, झेरॉक्स भागवायचं. शेकडो घरांना या योजनेनं पदवीधर दिले. पण काम कॅम्पसवर, आणि मोबदला तासांवर. गेट बंद, तास शून्य. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याचीच मिळकत आधी थांबली. घरी बसून करता येईल असं काम काय कमी होतं? नोंदी टंकायच्या होत्या, पहिल्या वर्षाच्या मुलांना फोन करायचे होते.

एप्रिलमध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, विद्यापीठांना समुपदेशनाच्या हेल्पलाइन सुरू करायला सांगितलं. नंबर आले. पण दोन खोल्यांच्या घरात, वडील समोर बसलेले असताना, “मला झोप येत नाही” हे मुलीनं कुठं जाऊन बोलायचं? रेंज शेताच्या बांधावर आणि हेल्पलाइनची वेळ भर दुपारची.

(दृश्य: शिवाजीनगर, सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचं मैदान.)

ऑगस्टमध्ये या मैदानावर जम्बो कोविड सेंटर उभं राहिलं. शहरातली काही वसतिगृहं विलगीकरणासाठी घेतली गेली. खोल्यांत मुलांच्या गाद्या, पुस्तकं, मूळ गुणपत्रिका तशाच होत्या. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा होणारच, असं सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑगस्टला सांगितलं, आणि नोट्स मात्र कुलूपबंद खोलीत.

(दृश्य: सिंहगड रस्ता, पाण्याचा टँकर.)

जानेवारी 2025. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. हातापायांतली ताकद घालवणारा हा आजार. संशय दूषित पाण्यावर. सूचना आली: पाणी उकळून प्या.

याच पट्ट्यात कॉलेजं आहेत, वसतिगृहं आहेत, कॉट बेसिसच्या खोल्या आहेत. खोलीत गॅस नाही. केटल सापडली तर रेक्टर जप्त करतात. उरतो तो वीस लिटरचा जार, आणि त्यातलं पाणी कुठून भरलंय हे जारवाल्यालाच ठाऊक. समुपदेशन कक्ष वगैरे हवाच. आधी तळमजल्यावर उकळलेल्या पाण्याचं एक पिंप आणि ते रोज भरणारा माणूस द्या.